खान्देशातल्या पोरांनी धंदा काढायचा, तर पहिला पैसा कशावर लावायचा?

तापीकाठ (धागाकर्ता)

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठे ना कुठे उद्योजकता मेळावा चालूच असतो. नोकऱ्या मागणारे नको, देणारे व्हा, हे भाषण पाठ झालंय. मांडव निघाला की आयटीआय आणि बीएस्सी झालेली पोरं सुरत नाही तर पुण्याची गाडी धरतात, आणि केळी, कापूस, मिरची कच्च्या रूपात ट्रकमध्ये बसून त्यांच्या मागोमाग जातात.

माझं म्हणणं थोडं वाकडं आहे. आपल्याकडे तरुणाला मशीन घ्यायला सबसिडी मिळते, पण धंदा मशीन नसल्यामुळे क्वचितच बुडतो. तो बुडतो सातव्या-आठव्या महिन्यात, खेळतं भांडवल आटल्यावर. जिल्ह्याची अर्थव्यवस्था वाढवायची असेल तर मदतीचा झरा तिकडे वळवायला हवा.

हे बरोबर की चूक? चर्चा हवेत जाऊ नये म्हणून उदाहरण घेऊ: यावल-रावेर भागातल्या एखाद्या गावात १० लाखांचं केळी वेफर्सचं युनिट. कुठे काय मोडतं ते आकड्यांसह सांगा. प्रेरणादायी काही नको, कृपा करून.

मेहरूणचं बोर

वाचनखूण साठवली. कोपऱ्यात बसतो, वेफर्स घेऊन.

हिशोबनीस

आधी योजनेचं गणित नीट मांडू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख, सेवेची २० लाख. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला (महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग) ३५ टक्के अनुदान. शहरात हेच १५ आणि २५. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारणला १० टक्के, विशेषला ५. उत्पादनात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास लागतं.

म्हणजे गावातल्या ओबीसी मुलाच्या १० लाखांत ५० हजार त्याचे, साडेनऊ लाख बँकेचे, आणि त्यापोटी ३.५ लाख अनुदान. पण हे ३.५ लाख हातात पडत नाहीत. बँकेत त्याच्या नावाने ३ वर्षं मुदत ठेवीत अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. युनिट चालू आहे हे पडताळणीत दिसलं की मग कर्जात वळती होतात. अनुदान बँकेत येईपर्यंत व्याज मात्र पूर्ण साडेनऊ लाखांवर चढतं. प्रकल्प अहवालात हे कोणी धरत नाही.

आता खेळत्या भांडवलाची अट. कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी बँकेतून उचल) मर्यादा त्या ३ वर्षांत एकदा तरी १०० टक्के वापरली गेली पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली राहता कामा नये. म्हणजे योजनेला खेळतं भांडवल मान्य आहे. ते कमी करतो आपणच. अहवाल बनवून देणारा मशीनवाल्याच्या कोटेशनवरून उलटा हिशोब मांडतो आणि उरलेला लाख-दीड लाख 'वर्किंग कॅपिटल' म्हणून लिहितो. तापीकाठ, म्हणून तुमचं अर्धंच पटलं. झरा आहे, चारी चुकीची खणलीय.

आणखी तीन गोष्टी. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. मंजुरीआधी मशीन घेतलं तर ते गेलं, बँक पैसे थेट विक्रेत्याला देते. आणि ही योजना नव्या युनिटलाच आहे, आधी सरकारी अनुदान घेतलेल्या चालू युनिटला नाही.

वाघूर

१० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, हेही जोडा. तरी शाखेत "शेताचा उतारा आणा" म्हणतात. तोंडी वाद घालत बसू नये. नकार लेखी मागावा आणि जिल्हा उद्योग केंद्राच्या बैठकीत तो कागद ठेवावा.

चोपड्याचा चंदू

एवढा हिशोब कशाला? मशीन कंपनीच्या पत्रकात सरळ दिलंय, १०० किलो केळीला ४० किलो वेफर्स. केळी १० रुपये, वेफर्स २०० रुपये. नफाच नफा. पोरं आळशी आहेत, दुसरं काय.

रावेरची फणी

चंदू भो, ते पत्रक केळीच्या कुठल्या जातीचं ते विचारा आधी. केरळातल्या नेंद्रनमध्ये घन भाग जास्त असतो. आपलं ग्रँड नैन, श्रीमंती, बसराई हे सगळं पाणीदार कुळ. हिशोब असा:

१०० किलो हिरव्या फण्या. साल ४० किलो जाते, गर उरतो ६०. त्यात घन भाग २७ टक्के धरला तर १६ किलो. बाकी पाणी, ते कढईतून आकाशात. तयार वेफर्समध्ये तेल ३० टक्के आणि ओल ३ टक्के, म्हणजे १६ किलो हा मालाचा ६७ टक्के भाग. एकूण माल साधारण २४ किलो. त्यातलं ७ किलोच्या वर तर तेलच आहे, जे तुम्ही विकत घेतलंय.

घड दांड्यासकट तोलून घेतला तर दांड्याचे ८-१० टक्के वेगळे. मग १०० ला २२ किलोच धरा.

आता रोज ५०० किलो फण्यांचं युनिट घ्या. माल १२० किलो. केळी १० रुपयांनी ५,००० रुपये, तेल ३६ किलो १३० रुपयांनी ४,७०० च्या घरात, सहा माणसं २,४००, जळण १,४००, मीठमसाला आणि पिशव्या १,५००. बेरीज १५,०००. किलोला १२५ रुपये पडले, आणि यात भाडं, वीज, हप्ता काही नाही. पत्रकाप्रमाणे २०० किलो माल धरला तर हाच खर्च किलोला ७५ दिसतो. त्या ५० रुपयांच्या फरकात युनिट बंद पडतं. आळस वगैरे नंतरचं.

आणि २०० रुपये हा गिऱ्हाइकाच्या हातातला भाव झाला. दुकानदार आणि वितरक आपापला वाटा काढून घेतात, मगच तुमचा भाव ठरतो.

तापीकाठ

फणीताई, हा प्रतिसाद छापून बँकेच्या भिंतीवर लावायला हवा. यावरून पुढचं निघतं: महिन्याचे २५ दिवस धरले तर खर्च पावणेचार लाख. दुकानदार ३० दिवसांची उधारी मागतो, म्हणजे पावणेचार लाख बाहेर. त्यात आठवड्याचा तयार माल ९० हजार, तेल आणि पिशव्यांचा साठा ५० हजार. पाच लाखांच्या वर गेलं. आणि अहवालात लिहिलेत दीड लाख.

चोपड्याचा चंदू

बरं बाबा. ४० चा आकडा मागे घेतला. पण मग एवढी युनिटं चालतात कशी?

रावेरची फणी

निर्यातीला निवडून उरलेल्या फण्यांवर. लांबी कमी, वाक जास्त, डाग पडलेली. भाव कमी, पण वेफर्सला चालते, कारण सालीचा डाग आत जात नाही. मात्र कापणीच्याच दिवशी उचलली पाहिजे. एकदा पिकण्याकडे झुकली की पिष्टाची साखर होते आणि कढईत माल तपकिरी-काळा उतरतो. बाहेरून हिरवी दिसते, म्हणून फसगत. ब्रिक्स (गोडी) मोजायचं छोटं यंत्र घ्यावं, नाहीतर प्रत्येक गाडीतून दोन-चार फण्यांचा नमुना आधी तळून बघावा. आणि सगळी खरेदी खुल्या बाजारावर ठेवू नका. बऱ्हाणपूर-रावेरचे भाव आठवड्यात कुठल्या कुठे जातात. दोन-तीन पॅकहाऊसशी उरलेल्या मालाचा हंगामभराचा दर बांधून ठेवलेला बरा.

कढईवाला

काळेपणाचं दुसरं कारण चीक. साल काढली की गर हवेत लाल पडू लागतो. बरेच जण काप सायट्रिक ॲसिड आणि मिठाच्या पाण्यात भिजवतात. रंग राहतो, पण ओला काप तेलात गेला की फेस येतो, तेल लवकर खराब होतं आणि जळणही जास्त लागतं. त्यापेक्षा सोललेली अख्खी केळी ०.१ ते ०.२ टक्के सायट्रिकच्या पाण्यात ठेवा, निथळा, आणि स्लायसर थेट कढईवर धरा. जाडी दीड ते दोन मिलिमीटर. चकतीचं पातं बोथट झालं की काप फाटतो, फाटलेली कड जास्त तेल पिते. पातं रोज बघायची वस्तू आहे.

तेल १७० ते १८० अंश. मोजायला तापमापक हवा, धूर बघून नाही. तेलाच्या सहा-सात भागांना कापाचा एक भाग, म्हणजे ६० किलो तेलात ९-१० किलो. घाई करून १५ किलो टाकले की तापमान कोसळतं आणि वेफर्स तळले जाण्याऐवजी तेलात शिजतात. तेलकट, मऊ. मग कारागीर आच वाढवतो, पुढचा घाणा करपतो.

तेलाचं आयुष्य: एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमाने ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून तापून बिघडलेला भाग, २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल वापरता येत नाही. ती मोजायला हातात धरायचा टीपीएम मीटर मिळतो, पण महाग. म्हणूनच तालुक्याला एक सामायिक लॅब हवी असं वाटतं. माल जेवढं तेल पितो तेवढंच ताजं रोज भरत राहिलात, आणि रात्री चुरा गाळून टाकलात, तर तेल टिकतं. चुरा न गाळणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारा आळस.

मेहरूणचं बोर

चंदूचा आळशी पोरगा सापडला शेवटी.

पांझरा

पॅकिंगचं कोणी बोललं नाही. गरम माल पिशवीत भरला की आत वाफ धरते, चौथ्या दिवशी वेफर्स वातड. पूर्ण गार करून भरा. पारदर्शक पिशवी दुकानात उन्हासमोर लटकली की तेलाला खवट वास येतो. मेटलाइज्ड पाऊच आणि नायट्रोजन घ्या, आत ऑक्सिजन २ टक्क्यांखाली हवा. मसाला शिवणीत अडकला तर शिवण गळते. दर तासाला एक पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून बघा, बुडबुडा आला की मशीनचा शिवण मारणारा जबडा पुसा. पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, एककाची किंमत, बॅच, तारीख, एफएसएसएआय क्रमांक, हिरवं चिन्ह. घटकांत 'खाद्यतेल' एवढंच लिहून भागत नाही, पामतेल असेल तर पामतेल लिहायचं.

सातपुडा पायथा

सगळं खरं, पण सगळ्यांनी वेफर्सच का तळायचे? सावदा-फैजपूरच्या रस्त्यावर आधीच रांग आहे. आणखी दहा पोरं आली तर एकमेकांचा भाव पाडणार. जिल्ह्याची वाढ कसली त्यात?

माझं मत: २२-२५ वर्षांच्या पोराने पहिली दोन वर्षं स्वतःचा माल बनवूच नये. जॉबवर्क करावं. कच्चा माल गिऱ्हाइकाचा, तुमची मजुरी रोख. खेळत्या भांडवलाचा प्रश्नच मिटतो.

मिनी डाळ मिल घ्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल बऱ्याच गावांत आहे, तासाला क्विंटलच्या आसपास. घरच्या तुरीची डाळ करून घ्यायला जानेवारीपासून मे-पर्यंत रांग लागते. जळगावच्या मोठ्या मिला गावातली दोन पोती घेत नाहीत.

हिशोबनीस

जॉबवर्कला अनुमोदन. पण तूर सोपी नाही, हरभऱ्यासारखी पटकन साल सोडत नाही. पद्धत लिहा ना कोणीतरी.

सातपुडा पायथा

लिहितो. दगड-माती चाळून तूर आकाराप्रमाणे वेगळी करायची. हे टाळलं की बारीक दाणा तसाच निसटतो आणि मोठा तुटतो. मग एमरी (खरखरीत दगडी थराच्या) रोलरमधून हलका फेरा, सालीला नुसते ओरखडे पडावेत म्हणून. त्यावर क्विंटलला साधारण पाव ते अर्धा किलो तेल चोळून रात्रभर ढीग. मग दोन-तीन दिवस ऊन. शेवटी २-३ टक्के पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, आणि मग सालकाढणी आणि फोडणी, दोन-तीन फेऱ्यांत.

उतारा ७० ते ७५ टक्के डाळ. बाकी चुनी (डाळीचा चुरा) आणि भुसा, तो ढोरांना जातो. उतारा ६५ वर आला तर तीनच कारणं: ऊन कमी मिळालं, रोलर आणि जाळीतलं अंतर चुकलं, किंवा एमरी झिजली. गिऱ्हाइकाशी आधीच ठरवून घ्या, चुनी कोणाची. गावातली निम्मी भांडणं चुनीवरून होतात.

जूननंतर मिल थंड. म्हणून त्याच शेडमध्ये मिरची कांडप आणि शेवयांचं मशीन. मार्च-एप्रिलमध्ये बिबडे, कुरडया, पापडाचं वाळवण असतंच.

अहिराणी गडी

बठ्ठं खरं शे भाऊ, पन उधारी कोन वसूल करी? डाळ दळी लई जातंस, पैसा पोळाले.

सातपुडा पायथा

डाळ तोलून ठेवायची, पैसे मिळाले की पोतं द्यायचं. यात नातं बघायचं नाही.

गिरणामाय

वेगळी कल्पना. आपलं भरीत! जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पुण्यात मुंबईत प्रत्येक खान्देशी माणूस हिवाळ्यात तळमळतो. काड्यांवर भाजलेलं, ठेचा-लसूण-दाणे घातलेलं, पाकिटात भरून पाठवायचं. तरुणांसाठी यापेक्षा चांगलं स्टार्टअप कुठलं?

मेहरूणचं बोर

पहिला गुंतवणूकदार मी. नफा नको, भरीत द्या. सोबत कळण्याची पुरी.

प्रयोगशाळा

गंमत बाजूला ठेवून एक धोक्याची सूचना. वांग्याचं भरीत हा कमी आम्लाचा पदार्थ आहे, पीएच ४.६ च्या वर. त्यात तेल, लसूण, आणि हवाबंद पाकीट. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला याहून चांगलं घर नाही. व्हॅक्यूम पॅक करून साध्या फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असं समजणं जिवावर बेतू शकतं. वासावरून, चवीवरून हे कळत नाही.

मार्ग दोनच. रिटॉर्ट पाऊच, १२१ अंशांवर दाबाखाली. पाकिटाच्या मधोमध उष्णता किती वेळ पोचते ते थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून मोजावं लागतं, आणि भरीत घट्ट असल्याने उष्णता हळू शिरते. पातळ रश्श्याची वेळ भरिताला चालत नाही. रिटॉर्टने धुराची चव थोडी बदलते. किंवा उणे १८ अंशांवर गोठवून, आणि मग जळगाव ते पुणे शीतसाखळी कुठेही तुटता कामा नये. एकट्या पोराने रिटॉर्ट घेऊ नये. इथे सामायिक सुविधा केंद्रच हवं, आणि पीएमएफएमईत (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना) त्यासाठी गटांना, शेतकरी कंपन्यांना वेगळी तरतूद आहे.

गिरणामाय

बाप रे. हे माहीतच नव्हतं. सुका मसाला विकू मग, भरीत ज्याने त्याने भाजावं.

प्रयोगशाळा

ते उत्तम. भाजलेले दाणे घालू नका फक्त, खवट होतात. ते वेगळ्या पुडीत.

हिशोबनीस

पीएमएफएमईचा विषय निघालाच आहे तर: जून २०२० पासूनची योजना. प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. चालू युनिटलाही मिळते, हा पीएमईजीपीपेक्षा मोठा फरक. जळगावला एक जिल्हा एक उत्पादनात केळी आहे. अहवाल बनवायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिने अर्जदाराकडून पैसे घ्यायचे नसतात. बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल, तेही खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यासाठीच. तापीकाठ, तुम्हाला हवा तो झरा इथे थोडा झिरपतोय.

दोन्ही योजनांची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. आज अर्ज करणाऱ्याने पोर्टलवर सध्याची स्थिती बघूनच पुढे जावं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, तिचे हजार-दोन हजार घेणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध.

नवापूर पॅसेंजर

नंदुरबारला कोणी विचारतच नाही, म्हणून मीच लिहितो. आमच्याकडे मिरची. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, मग पथारीवर उघड्यावर वाळते. एक अवकाळी पाऊस, आणि मिरची काळी पडते, बुरशी धरते. बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे निर्यात संपली.

तरुणांसाठी जागा दोन. एक, सोलर टनेल ड्रायर, भाड्याने. मिरची ११ टक्के ओलीच्या आत आणायची. उन्हाच्या जोरावर एकदम तापवली की रंग उडतो, म्हणून आतली हवा फिरती ठेवणं तापवण्यापेक्षा महत्त्वाचं. दुसरी, देठ खुडणी आणि प्रतवारी. देठ वजनाच्या साधारण ६ टक्के. बिनदेठाच्या मालाला मसालेवाले वेगळा भाव देतात. यात मशीन जवळजवळ नाही, बायकांच्या हाताचं काम आणि चोख वजनकाटा.

पूड करायची असेल तर पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) तापू देऊ नका. पूड हाताला गरम लागली म्हणजे रंग आणि वास दोन्ही निघाले. थांबून थांबून दळा, आणि शेवटी चुंबक लावा. जाळी-हातोड्याची झीज पुडीत येते.

ड्रोनाचार्य

सेवा क्षेत्र विसरू नका. फवारणीचा ड्रोन. १० लिटरची टाकी साधारण एका एकराला. पायलटला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण. ड्रोन टाइप-सर्टिफाइड, म्हणजे त्या मॉडेलला मान्यता मिळालेली, आहे ना ते बघून घ्या.

बॅटरीचा जोड दहा-पंधरा मिनिटांत उतरतो, चार्जिंगला अर्धा-पाऊण तास. म्हणून एक जोड घेऊन शेतात गेलेला माणूस दिवसभर झाडाखाली बसतो. चार-पाच जोड आणि जनरेटर धरूनच अंदाजपत्रक करा. कापसावर जुलै ते ऑक्टोबर काम आहे, बाकी वर्ष पातळ. वारा वाढला की औषध शेजाऱ्याच्या पिकावर, म्हणून सकाळ-संध्याकाळच. केळीत पानांच्या छत्रीखाली औषध पोचवणं अवघड.

पांझरा

बॅटरी किती चार्जनंतर मरते ते सांगत नाहीत विक्रेते. घसारा काढताना ड्रोन आणि बॅटरी वेगळे धरा, हे माझ्याकडून जोडतो.

वाघूर

उधारीकडे परत. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा, २००६ सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर. वर २०२३-२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) मुळे, पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मोठा वितरक आता मार्चमध्ये तरी ऐकतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. व्यापार म्हणून नोंदणी असेल तर हे संरक्षण नाही, उत्पादन किंवा सेवा म्हणून हवी.

अहिराणी गडी

किराणावाल्याला ४३बी सांगशील तर तो म्हणे, ने तुनी बरणी वापस.

वाघूर

खरंय. छोट्या दुकानाला कायदा नाही, छोटी उधारी. मागचं बिल फिटल्याशिवाय पुढचा माल नाही, एवढा एकच नियम. दहा दुकानं कमी झाली तरी चालेल.

सूतगिरणी

सगळे घरगुती पातळीवर बोलताय. जिल्हा वाढतो तो मोठ्या कारखान्याने. विप्रो अमळनेरात १९४५ ला वनस्पती तूप बनवायला सुरू झाली. जळगावात बंद पडलेला केळी पावडरचा कारखाना १९७८ मध्ये भवरलाल जैनांनी घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढलं. दहा हजार वेफर्सवाले मिळून तेवढं करतील का?

रावेरची फणी

तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे, दादा. तोच कारखाना, तीच जमीन. केळी पावडरवर बंद पडला आणि पपेनवर चालला. फरक होता तो बाजारात कशाला गिऱ्हाईक आहे याचा. केळी पावडर आजही अवघड आहे, कारण ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी उडवायला जळण जातं आणि गिऱ्हाईक मोजकं. मोठा का छोटा, हा नंतरचा प्रश्न.

सूतगिरणी

ठीक. पण छोट्या युनिटला माल तपासायला लॅब, साठवायला शीतगृह, दोन्ही नाही. मेळाव्याच्या मांडवाऐवजी ते बांधा, यावर तरी एकमत व्हावं.

कढईवाला

एकमत. आणि दिवसा सलग तीन-फेज वीज. अर्ध्या घाण्यात स्लायसर थांबला की कढई तापतच राहते.

चोपड्याचा चंदू

अवांतर: लग्नाच्या बायोडेटात 'स्वतःचा उद्योग' लिहिलं की मुलीकडचे विचारतात, "ते ठीक, पण मुलगा करतो काय?" याला कुठली योजना?

मेहरूणचं बोर

पीएमईजीपी. ३ वर्षं मुदत ठेव, मग पडताळणी.

गिरणामाय

हाहा. आमच्याकडे मुलीच्या बायोडेटात लिहिलं तर विचारतात, लग्नानंतर बंद करशील ना? त्यावरही एक धागा काढा. विशेष गटाचं ३५ टक्के मिळतं म्हणून बाईच्या नावावर युनिट आणि सही-शिक्का भावाच्या हातात, हे किती ठिकाणी चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पडताळणीला अधिकारी आला की बाईला तेलाचा भाव सांगता येत नाही, आणि अनुदान तिथेच अडकतं.

तापीकाठ

फारच कामाचं जमलंय. मूळ प्रश्नाकडे येतो. १० लाख असतील तर माझी वाटणी अशी: स्लायसर, कढई, तेल काढायचं सेंट्रिफ्यूज, मसाला ड्रम आणि साधं पॅकिंग, सगळं मिळून ४ लाखांत बसवायचं, गरज पडली तर वापरलेलं घेऊन. शेडची डागडुजी, वीजजोडणी, लेबल-परवाने ६० हजार. उरलेले ५ लाख ४० हजार काटछाट न करता खेळतं भांडवल.

हिशोबनीस

पीएमईजीपीत वापरलेलं मशीन बसणार नाही, नव्याचं कोटेशन लागतं. बाकी वाटणी पटते. फक्त ४ लाखांत नायट्रोजनसह पॅकिंग बसवणं कठीण. पहिले सहा महिने पॅकिंग बाहेरून जॉबवर्कने करून घ्या. आणि जीएसटी: मालाला ४० लाखांपर्यंत सूट आहे, पण बऱ्हाणपूर किंवा सुरतच्या दुकानदाराला बिल फाडलं की राज्याबाहेरची विक्री झाली, नोंदणी घ्यावी लागते. आपण सीमेवर राहतो हे विसरतात पोरं.

सातपुडा पायथा

मी अजूनही म्हणतो, आधी जॉबवर्क. पाच-साडेपाच लाख हातात आले की वेफर्सवाल्याला गावभर काका भेटतात.

यावलची नवी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. योजना न घेता स्वतःच्या पैशाने वापरलेली कढई-सेट घ्यायचा विचार आहे. बंद पडलेल्या युनिटचं सामान विकायला असतं. बघायला गेल्यावर काय तपासायचं?

कढईवाला

ताई, हे बघा. कढईचं स्टील एसएस ३०४ आहे का. चुंबक जोरात चिकटला तर नाही. तळाला आतून हात फिरवा, जळून काळा थर बसला असेल तर तिथे तेल करपत राहतं, तो खरवडून निघत नाही. बर्नर पेटवून बघा, ज्योत निळी आणि सगळीकडे सारखी हवी. पाणी भरून उकळा आणि जोड पाझरतात का बघा, नुसतं थंड पाण्याने कळत नाही. सेंट्रिफ्यूज रिकामा आणि नंतर दोन किलो माल टाकून फिरवा, थरथर वाढली तर बेअरिंग किंवा टोपली वाकडी. स्लायसरच्या चकतीचा आस हलतो का ते हाताने. मोटरवरची पाटी वाचा: सिंगल फेज की थ्री फेज, आणि तुमच्या शेडला कुठली जोडणी आहे.

आणि विकणाऱ्याला युनिट का बंद झालं ते विचारा. मशीनमुळे झालं म्हणाला तर घेऊ नका. उधारीमुळे म्हणाला तर भाव पाडून घ्या.

यावलची नवी

धन्यवाद दादा. रविवारी बघायला जातेय, चुंबक पर्समध्ये टाकलाय.